वाण नाही पण गुण लागला : दारू रक्तात असते की घरात?

१/
‘खाण तशी माती’ ही म्हण मराठीत जुनी आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हणही तितकीच जुनी. पहिली रक्ताकडे बोट दाखवते, दुसरी संगतीकडे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा प्रथमच दारू पिऊन घरी आला की शेजारीपाजारी यांपैकी एक म्हण हमखास ऐकू येते. बाप पिणारा असला तर पहिली, नसला तर दुसरी. या दोन म्हणींमधला वाद कुलाबा जिल्ह्याच्या अबकारी कारभारापासून फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासापर्यंत दीडशे वर्षे चालत आला आहे. त्याची ही हकीकत.

२/
आरंभ नागोठण्यापासून करणे सोयीचे आहे. अंबा नदीच्या खाडीच्या शिरोभागी वसलेले हे जुने बंदर. चौलच्या काझी अलाउद्दीनने सुमारे १५८० मध्ये बांधलेला दगडी पूल ही त्याची ओळख. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नागोठणे हा पेण तालुक्याचा पेटा म्हणून येतो. आज ते रोहा तालुक्यात आहे. खाडीकाठी भातखाचरे, वर डोंगरात ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या, असा हा मुलूख. दारूच्या इतिहासात त्याला वेगळे स्थान आहे, कारण एका फुलावर बंदी घालणारा कायदा ज्या दोन जिल्ह्यांसाठी झाला, त्यांपैकी कुलाबा हा एक होता.

३/
त्या कायद्यापूर्वीचे चित्र आधी पाहावे लागेल. किनाऱ्यावर माडी आणि ताडी, डोंगरात मोहाच्या फुलांची दारू, अशी विभागणी होती. माड-ताड छेदून रस काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. आदिवासी कुटुंबे मोहाची फुले वेचून, वाळवून घरच्या घरी दारू गाळत. लग्न, मयत, देवाचा नैवेद्य यांत तिला जागा होती. पिणे होते आणि अतिपिणेही होते. मात्र त्याला ऋतूची, घरातल्या साठ्याची आणि समाजाच्या रीतीची वेस होती. मुले हे सारे पाहतच वाढत. कोणी, केव्हा, किती प्यावे हेही ती त्याच अंगणात शिकत.

४/
१८७८ साली मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला. त्याचा मुख्य सूत्रधार होता चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी. धोरण सरळ होते : घरोघरी आणि गावोगावी गाळली जाणारी दारू बंद करायची, ठरावीक मोठ्या भट्ट्यांतूनच दारू काढायची, तिच्यावर कर घ्यायचा आणि विक्रीचा मक्ता द्यायचा. कमीत कमी पिण्यातून जास्तीत जास्त महसूल, असे या धोरणाचे समर्थन केले जाई. महसूल खरोखरच वाढला आणि अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे अंग होऊन बसले.

५/
या व्यवस्थेचे केंद्र नागोठण्याहून फार दूर नव्हते. उरण येथे पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या. त्यांना लागणारी फुले गुजरातेतून येत आणि तयार दारू मुंबईला व आसपासच्या मुलखात जाई. ज्या डोंगरातल्या माणसाने काल मोह वेचून स्वतःची दारू गाळली, त्यालाच आज परमुलखातल्या मोहाची दारू गुत्त्यावर रोख पैसे मोजून विकत घ्यावी लागे. घरात गाळली तर तो गुन्हा. परंपरेची वस्तू एका कायद्याने चोरीची वस्तू झाली.

६/
माडी-ताडीचेही तेच झाले. छेदायच्या प्रत्येक झाडावरचा कर पुढच्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढवण्यात आला. सौम्य माडी महाग झाली आणि कडक दारू तिच्या तुलनेत परवडू लागली. ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावरील भंडाऱ्यांनी अर्जविनंत्या केल्या, काही ठिकाणी झाडे छेदणेच बंद ठेवले. त्यांचा धंदा मोडत गेला. पिणाऱ्याच्या हातातला पेला मात्र रिकामा झाला नाही. त्यातला पदार्थ तेवढा बदलला.

७/
१८९२ मध्ये ‘मोह कायदा’ आला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवर कडक निर्बंध घातले गेले. उद्देश चोरटी दारू रोखण्याचा होता. मोहाचे फूल हे केवळ दारूचे साधन नव्हते. टंचाईच्या दिवसांत ते आदिवासींच्या पोटाचा आधार होते. एका झाडाखाली पडलेली फुले वेचणाऱ्या बाईचा आणि पोराचा कायद्याशी पहिला संबंध आला तो असा.

८/
दारूचे ठिकाण घराच्या अंगणातून गुत्त्यावर गेले, आणि या स्थलांतराचे परिणाम दूरवर पोचले. अंगणात पिताना वडीलधारे समोर असत, गुत्त्यावर विक्रेता असे. अंगणातला साठा संपत असे, गुत्त्यावरचा संपत नसे. अंगणात वस्तूचे मोल नव्हते, गुत्त्यावर उधारी चढे आणि उधारी मजुरीतून फिटे. एकाच पिढीच्या आत पिण्याची वेळ, जागा, ताकद, किंमत आणि सोबत ही पाचही अंगे बदलली. माणसे तीच होती. त्यांचे रक्तही तेच होते.

९/
दप्तरात मात्र याची नोंद उलटी झाली. त्या काळच्या सरकारी लेखनात जातीजमातींची वर्णने करताना उंची, वर्ण, पोशाख यांच्या ओळीत दारूची आवडही ‘स्वभाव’ म्हणून नोंदवली जाई. जणू ती नाकडोळ्यांसारखीच जन्मजात. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदाही याच विचाराचा भाऊबंद. व्यवसाय जसा वंशपरंपरेने येतो तसा गुन्हाही येतो, हे त्याचे गृहीतक होते. असे गृहीतक महसुलाला सोयीचे ठरते : जो रक्तानेच पिणारा, त्याला विकणाऱ्याचा दोष तो काय?

१०/
कातकऱ्यांचे उदाहरण यात बोलके आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल राखीव होत गेले तसा हा धंदा हातचा गेला. पुढे कोळशाच्या भट्ट्या आणि मग वीटभट्ट्या यांवर हंगामी मजुरी आली. पावसाळ्यात बयाणा उचलायचा आणि हिवाळ्यापासून कुटुंबासह भट्टीवर जाऊन तो फेडायचा. मुलांची शाळा मध्येच तुटे. अशा वस्तीत चौदाव्या वर्षी पिणारा मुलगा दिसला की बघणारा जमातीचे नाव घेतो. बयाणा, तुटलेली शाळा आणि भट्टीशेजारचा गुत्ता यांची नावे घेण्यास त्याला वेळ नसतो.

११/
ही समजूत केवळ इथल्या साहेबांची नव्हती. १८७५ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने जुळ्यांचा आधार घेऊन निसर्ग मोठा की संगोपन हा प्रश्न मांडला आणि कौल निसर्गाच्या बाजूने दिला. १८७७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डगडेलने ‘ज्यूक्स’ या टोपणनावाने एका कुळाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वृत्तान्त छापला. त्यात गुन्हे, दारिद्र्य आणि व्यसन यांची वंशावळच होती. डगडेल स्वतः परिस्थितीला बरेच महत्त्व देत होता. वाचकांनी मात्र त्यातून ‘वाईट रक्त’ एवढेच उचलले, आणि पुढे सुप्रजननवाद्यांनी त्याचे शस्त्र केले.

१२/
महाराष्ट्रात दारूविरुद्ध जे बोलले ते रक्ताविषयी बोललेच नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध नोंदवला. १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात हिंदुस्थानातील अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव संमत झाला. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दुकानांपुढे निरोधने झाली. या तिन्ही प्रसंगी बोट दुकानाकडे, परवान्याकडे आणि महसुलाकडे होते. पिणाऱ्याच्या कुळाकडे नव्हते.

१३/
रंगभूमीने प्रश्न घराच्या आत नेला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगमंचावर आले. त्यातला सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद तात्पुरती रद्द झाल्याचा अपमान आणि तळीरामाने पुढे केलेला पेला, या दोन गोष्टींतून त्याचा नाश सुरू होतो. गडकऱ्यांनी सुधाकराला व्यसनी बापाचा मुलगा केले नाही. घायाळ अभिमान आणि हाताशी असलेला मित्र एवढ्यावर त्यांनी शोकांतिका उभी केली. मराठी प्रेक्षकाने ती पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली, कारण असे घर त्याने कुठे ना कुठे पाहिलेले होते.

१४/
रक्ताच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा धक्का १९२२ मध्ये बसला, आणि तो विद्यापीठातून आला नाही. पालघरच्या किनाऱ्यावरील मासेमारांत देवीच्या रोगाच्या शांतीसाठी होणारा एक विधी उत्तरेकडे पसरत दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात पोचला. तिथे अंगात आलेल्या देवीने आज्ञा दिली : दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या व्यापाऱ्यांकडे काम करू नका. हजारो कुटुंबांनी काही आठवड्यांत पिणे सोडले. ज्यांना जन्मजात मद्यपी म्हटले गेले होते, तेच हे लोक. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर इतिहास लिहिला आहे.

१५/
या चळवळीचा उत्तरार्धही लक्षात घ्यावा. काही काळाने त्याच गावांत, त्याच भावकीत दोन तट पडले. दारू सोडलेलेच राहिले ते ‘वरजेला’, पुन्हा पिऊ लागले ते ‘सरजेला’. रक्त एकच असताना हे दोन तट पडले. म्हणजे जमातीचे रक्त हे कारण टिकत नाही. आणि आज्ञा एकच, गाव एकच असताना काहींना सोडवले गेले, काहींना नाही. म्हणजे परिस्थिती हे एकटे कारणही पुरत नाही. व्यक्ती-व्यक्तीतल्या या फरकाचे उत्तर शोधायला विज्ञानाला आणखी अर्धे शतक लागले.

१६/
मधल्या काळात दारूबंदी येऊन गेली. १९४९ च्या कायद्यान्वये ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. हेतू उदात्त होता. पण खाडीकाठच्या आणि डोंगरातल्या आडजागी काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी पेटली. १८७८ ने दारू घरातून गुत्त्यावर नेली होती. १९५० ने ती पुन्हा वस्तीत आणली, या वेळी चोरटी आणि अधिक विषारी. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. परवाना पद्धत आली, तीच कमीअधिक फरकाने आजही आहे.

१७/
आता प्रयोगशाळेकडे वळावे. बापाचे रक्त आणि बापाचे घर ही दोन कारणे वेगळी कशी काढायची? मूल जन्मदात्या घरातच वाढत असेल तर ती वेगळी निघत नाहीत. दत्तक मुलांत मात्र निघतात. १९७३ मध्ये डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये अशा पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यासक्त जन्मदात्यांचे, पण बाळपणीच दत्तक गेलेले ५५ मुलगे एका बाजूला. तसा इतिहास नसलेले ७८ दत्तक मुलगे दुसऱ्या बाजूला. तिशीच्या सुमारास पहिल्यांपैकी १८ टक्के मद्यासक्त निघाले, दुसऱ्यांपैकी ५ टक्के.

१८/
म्हणजे ‘खाण तशी माती’ अगदीच खोटी नव्हती. पण आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचावेत : जन्मदाते मद्यासक्त असलेल्या दर शंभरांपैकी ८२ जण त्या वयापर्यंत मद्यासक्त झालेले नव्हते. पुढच्या अनेक जुळ्यांच्या आणि दत्तकांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब केला असता मद्यासक्तीची आनुवंशिकता सुमारे ५० टक्के येते. याचा अर्थ एखाद्या मुलाचे अर्धे भवितव्य रक्तात लिहिलेले असते असा नाही. एका लोकसमूहात माणसा-माणसांत जो फरक दिसतो, त्यातल्या साधारण निम्म्याचा संबंध जनुकांतील फरकाशी लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

१९/
शेतीच्या भाषेत हे सोपे होते. एकाच खाचरात दोन वाणांचे भात लावले तर पिकातला फरक वाणाचा. एकच वाण पेणच्या खारेपाटात आणि गोड्या जमिनीत लावले तर फरक जमिनीचा. खारवट जमिनीत वाढलेले रोप खुजे राहिले म्हणून बियाण्याला दोष देणारा शेतकरी सापडणार नाही. कातकरी वाडीची आणि सुखवस्तू आळीची तुलना करून रक्ताचा निष्कर्ष काढणारे नेमकी हीच चूक करीत आले. दोन समूहांतला फरक आणि एकाच समूहातल्या दोन माणसांतला फरक हे दोन निराळे प्रश्न आहेत.

२०/
किशोरवयासाठी सर्वांत मोलाची माहिती फिनलंडने दिली. तिथल्या जुळ्यांचा किशोरवयापासून वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत असे दिसले की कोवळ्या वयात दारूला सुरुवात होते की नाही, हे मुख्यतः सामायिक परिसरावर अवलंबून असते : घर, शाळा, मित्र, भावंडे. वय वाढत जाते आणि पिण्याचे प्रमाण ठरू लागते, तसतसा जनुकांचा वाटा वाढत जातो. थोडक्यात, पहिला पेला बहुतांशी परिसर हातात देतो. दहाव्या वर्षीही तो सुटत नाही, त्यात जनुकांचा हात मोठा असतो.

२१/
याच मालिकेतला २००१ चा निष्कर्ष आणखी विचार करायला लावणारा आहे. जनुकांचा प्रभाव सगळीकडे सारखा नव्हता. स्थिर वस्तीच्या, ओळखीच्या माणसांच्या, कमी दारूविक्रीच्या भागांत तो क्षीण होता. जिथे तरुणांची ये-जा मोठी आणि दारू सहज मिळणारी, तिथे तोच प्रभाव कित्येक पटींनी वाढलेला आढळला. जनुके दोन्हीकडे एकाच देशातल्या, एकाच वंशाच्या मुलांची. फरक इतकाच की एका ठिकाणी त्यांना वाट मोकळी होती आणि दुसऱ्या ठिकाणी वेस होती.

२२/
‘दारूचे जनुक’ असे एकच काही आहे का? २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांच्या माहितीवरून तंबाखू आणि मद्य यांच्या वापराशी निगडित ५६६ जनुकीय फरक नोंदवले गेले. प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. काही फरक तर संरक्षक असतात. पूर्व आशियातल्या अनेकांत यकृतातले एक विकर नीट काम करीत नाही. दारू पिताच चेहरा लाल होतो, मळमळते, आणि असे लोक व्यसनाकडे कमी वळतात. म्हणजे रक्तात काय असते? दारू नसते. दारू शरीराला कशी लागते, याची ठेवण असते.

२३/
या ठेवणीचा एक प्रकार घरोघरी उलटा वाचला जातो. ‘आमच्या पोराला चढत नाही’ हे मित्रमंडळींत कौतुकाने सांगितले जाते. मार्क शुकिट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने वीस वर्षांच्या आसपासच्या तरुणांना मोजून मद्य देऊन त्यांची प्रतिक्रिया नोंदवली आणि दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. मद्यासक्त बापांच्या मुलांपैकी ज्यांना सर्वांत कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के पुढे मद्यासक्त झाले; ज्यांना सहज चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के. न चढणे ही ताकद नव्हे. थांबण्याची सूचना उशिरा मिळणे, हा त्याचा खरा अर्थ.

२४/
मग घर नेमके काय करते? व्यसनाशी संबंध जोडल्या गेलेल्या ‘गाब्रा-२’ या जनुकाच्या अभ्यासांत दिसले की त्याचा विशिष्ट प्रकार असलेल्या मुलांत किशोरवयात प्रथम व्यसन नव्हे, तर बेदरकार वर्तन दिसते. व्यसन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि मुलगा कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे आईवडिलांना ठाऊक असलेल्या घरांत हा जनुकीय परिणाम कमी होता. फिनलंडमध्ये चौदा वर्षांच्या मुलांच्या धूम्रपानाबाबतही हेच आढळले. मारझोड किंवा उपदेश यांचा हा गुण नव्हे. लक्ष असण्याचा आहे.

२५/
स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १८,११५ दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या. विषय अमली पदार्थांचा होता, पण धडा तोच. जन्मदात्यांचे व्यसन धोका वाढवत होतेच. दत्तक घरातल्या अडचणी, तिथल्या पालकांचा मृत्यू किंवा घटस्फोट, हेही धोका वाढवत होते. रक्ताचे नाते नसलेल्या दत्तक भावंडाचे व्यसनसुद्धा. वाण नाही, पण गुण लागला! आणि ज्यांच्या रक्तात जोखीम अधिक होती, त्यांना वाईट परिसराचा फटकाही अधिक बसला. दोन्ही म्हणी एकाच मुलाच्या आयुष्यात खऱ्या ठरल्या.

२६/
हे सारे शीत प्रदेशांतले पुरावे. कोकणाजवळचा पुरावा गोव्याचा आहे. उत्तर गोव्यातील पुरुषांच्या अभ्यासात १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात पिणे सुरू केल्याचे सांगितले. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांत हे प्रमाण ७४.३ टक्के होते. पंचवीस वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलतात ती कमाई, दुकानांची संख्या, उत्सवांची तऱ्हा आणि घरातल्यांची नजर. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत पुढे मद्यासक्तीचे प्रमाणही अधिक होते.

२७/
अमेरिकेतही १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे आयुष्यात केव्हा तरी मद्यासक्त झाल्याचे दिसले. विसाव्या वर्षानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात हे कारण की आधीच असलेल्या ओढीचे लक्षण, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. बहुधा दोन्ही. विवेकाने आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. पहिला पेला जितका लांबेल, तितका मुलाच्या बाजूने वेळ उभा राहतो.

२८/
वेळ लांबवता येतो, हे आइसलँडने दाखवले. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले आदल्या महिन्यात एकदा तरी झिंगलेली असल्याचे सांगत. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्के होते. भीतीची चित्रे दाखवून हे झाले नाही. खेळ आणि संगीत यांसाठी सरकारी मदत, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा, पालकांची गटागटाने संध्याकाळची फेरी, आणि दरवर्षीची पाहणी, असे ते साधे उपाय होते. अठरा वर्षांत तिथेही कोणाचे रक्त बदलले नव्हते.

२९/
महाराष्ट्रात कायद्याने कडक दारूसाठी २५ वर्षे आणि बिअरसाठी २१ वर्षे ही वयोमर्यादा आहे. गावातील दुकान नको असेल तर महिलांच्या मागणीवरून मतदान घेता येते. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान राहावे, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद व्हावे. पुण्यात १९८६ पासून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभारलेले मुक्तांगण व्यसनाला आजार मानून उपचार करते आणि त्यात कुटुंबालाही सामील करून घेते. उपाय आहेत. मात्र दुकानापर्यंत बापाची बाटली आणायला मूलच पाठवले जात असेल, तर वयोमर्यादा फलकावरच राहते.

३०/
नागोठण्याचे आजचे रूप या इतिहासाच्या उजेडात पाहण्यासारखे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस इथे पेट्रोरसायनांचा मोठा प्रकल्प आला. महामार्ग, रेल्वे, बाहेरून येणारे तरुण कामगार आणि हातात रोख पगार, अशी गावाची घडी बदलली. फिनलंडचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावणे योग्य नाही. पण जिथे ये-जा वाढते आणि ओळखीची नजर विरळ होते, तिथे जन्मजात जोखीम असलेल्या मुलाला अधिक सांभाळावे लागते, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

३१/
दीडशे वर्षांच्या या वादातून हाती येते ते असे. बापाचे व्यसन ही मुलावरची खूण नाही, घरासाठीची आगाऊ सूचना आहे. मधुमेह असलेल्या घरात साखरेकडे जसे वेळेवर लक्ष दिले जाते, तसे अशा घरात पहिल्या पेल्याकडे द्यावे. मुलाला हा धोका शांतपणे, लाजिरवाणे न करता सांगावा. ‘तुझ्या रक्तातच आहे’ असे मात्र त्याला कधीही म्हणू नये. ते शास्त्राला धरून नाही, आणि ज्या मुलाला सगळे आधीच ठरलेले आहे असे सांगितले जाते, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही.

३२/
१८८० च्या दशकात कुलाब्याच्या डोंगरातल्या मुलाबद्दल कोणीतरी कचेरीत बसून लिहिले की हा पिणारच. त्याच्या घरचा मोह कोणी नेला, गुत्ता कोणी आणला, बापाचा बयाणा कोणी लिहिला, हे त्या ओळीत आले नाही. आज नागोठण्याच्या नाक्यावर किंवा पेण-रोह्याच्या एखाद्या वाडीत सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा पिऊन घरी परतेल, तेव्हा ‘खाण तशी माती’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : दारू त्याला कुठे मिळाली, कोणाबरोबर तो होता, आणि संध्याकाळी त्याची वाट कोण पाहत होते.

(समाप्त)